बेसबॉल सीझनचं भाकीत: चूक होते ती वेळेच्या रकान्यात

मेजर लीग म्हणजे उत्तर अमेरिकेतली अव्वल बेसबॉल स्पर्धा. तिच्या २०२३ च्या सीझनमध्ये सॅन डिएगो पाड्रेसनी ७५२ रन काढले आणि ६४८ दिले. मायामी मार्लिन्सनी काढले ६६६ आणि दिले ७२३. आता सांगा, जास्त सामने कोणी जिंकले? पाड्रेसनी ८२ आणि मार्लिन्सनी ८४. मार्लिन्स प्लेऑफमध्ये, म्हणजे किताबाच्या बाद फेऱ्यांत गेले, पाड्रेस घरी बसले. एका रनच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत मार्लिन्स ३३-१४ (विजय-पराभव) होते, पाड्रेस ९-२३. जादा इनिंगमध्ये गेलेल्या सामन्यांत तर पाड्रेस २-१२. पुढच्या वर्षी मार्लिन्स बरोबर १०० सामने हरले आणि पाड्रेसनी ९३ जिंकले.

म्हणून मेजर लीगच्या नव्या सीझनचा अंदाज बांधायला बसताना मागच्या वर्षीचं स्टँडिंग, म्हणजे जय-पराजयाचा तक्ता, समोर ठेवू नये. ठेवायचंच असेल तर रनांचं ठेवावं. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याचं जुनं सूत्र अजूनही चोख आहे: काढलेल्या रनांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज. वर्गाच्या जागी १.८३ हा घात घेतला की उत्तर आणखी नेमकं येतं. त्या हिशेबाने पाड्रेस ०.५६८ चे, म्हणजे सीझनच्या १६२ सामन्यांत ९२ विजयांचे, आणि मार्लिन्स ७५ चे. एक टीम दहा विजयांनी नडली, दुसरी नऊंनी तरली.

पण इथेच थांबणारे फसतात. २०२१ चे सिॲटल मरिनर्स ९० जिंकले तेव्हा त्यांचा रनांचा फरक उणे ५१ होता. आता हे आपटणार, असं म्हणावं तर २०२२ मध्ये पुन्हा बरोबर ९० जिंकले, आणि तेही अधिक ६७ च्या फरकाने. मधल्या काळात टीमच सुधारली होती. मार्लिन्सचंही फक्त नशीब फिरलं असं नाही. सँडी अल्कांतारा कोपराच्या ऑपरेशनमुळे अख्खा २०२४ बाहेर होता, एप्रिलमध्ये युरी पेरेझही त्याच वाटेने गेला, आणि मे महिन्यात लुईस अराएझला अदलाबदलीत देऊन टाकलं, तेही पाड्रेसनाच. रनांचं सूत्र मागचं वर्ष नीट वाचायला शिकवतं. पुढचं वर्ष खेळणार असतात ती माणसं, आणि हिशेब त्यांचाच मांडावा लागतो.

त्याचा पाया असा. मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या पायरीवरून) किमान पगारावर केव्हाही उचलता येईल अशा खेळाडूंचीच टीम उतरवली तर ती १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असं धरलेलं असतं. नेमकं म्हणजे ०.२९४, म्हणून ४७.७. त्याच्या वर प्रत्येक खेळाडू जितके विजय मिळवून देतो ते त्याचं वॉर. लीगमध्ये एकूण २,४३० सामने होतात, त्यातले १,००० विजय या वरच्या कमाईचे: सुमारे ५७० बॅटर-फील्डरांचे आणि ४३० पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे. म्हणजे सरासरी टीमच्या वाट्याला १९ आणि १४ च्या आसपास. एखाद्या टीमचे बॅटर २२ आणि पिचर १६ भरले, तर ४७.७ अधिक ३८, म्हणजे जवळजवळ ८६ विजय. दहा रन बरोबर एक विजय, हा दर मनात पक्का ठेवला की बाकीचं गणित सोपं होतं.

खेळाडू किती चांगला खेळेल, म्हणजे त्याचा दर काय असेल, यावर लोक फार वेळ घालवतात. मला तो वेळ बराचसा वाया वाटतो, कारण स्टीमर, झिप्स, पेकोटा या भाकीत-पद्धतींचे आकडे तयार मिळतात आणि स्वतः डोकं लावून त्यांना मागे टाकणं अवघड आहे. आतलं यंत्र कळावं म्हणून एकदा मार्सेल नावाची पद्धत हाताने करून पाहावी. बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ टॉम टँगो याने मुद्दाम कमीत कमी अक्कल वापरून केलेली ही पद्धत, नावही माकडाचं.

समजा बॅटर ३२ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी ६०० वेळा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगला आला (अशी प्रत्येक वेळ ही एक खेप) आणि ३० होम रन मारले, त्याआधी ५५० खेपांत २०, त्याआधी ३०० खेपांत १८. ताज्या वर्षाला ५, मागच्याला ४, त्यामागच्याला ३ असं वजन द्यायचं. होम रन होतात १५० + ८० + ५४ = २८४ आणि खेपा ३,००० + २,२०० + ९०० = ६,१००. आता यात लीगच्या सरासरीच्या १,२०० खेपा मिसळायच्या. सरासरी ३ टक्के धरली तर आणखी ३६ होम रन. ३२० भागिले ७,३०० म्हणजे ४.३८ टक्के. पुढच्या वर्षीच्या खेपा: गेल्या वर्षीच्या निम्म्या, त्याआधीच्या एक दशांश आणि वर २००, म्हणजे ५५५. गुणाकार २४.३. वय २९ च्या पुढे दर वर्षी ०.३ टक्के कापायचं, म्हणजे २४.१. २९ च्या आतला असता तर दर वर्षी ०.६ टक्के वाढवलं असतं. ३० मारणाऱ्याला २४ दिले की चाहते चिडतात. पण हा आकडा ‘तो किती मारू शकतो’ याचा नाही. चांगल्या-वाईट सगळ्या शक्यतांचा तो मध्य आहे, आणि त्यात दुखापतही धरलेली आहे.

या उदाहरणात दर ४.६६ वरून ४.३८ वर आला, म्हणजे सहा टक्के घट, आणि ६०० खेपांच्या ५५५ झाल्या, म्हणजे साडेसात टक्के. वेळेने दरापेक्षा जास्त खाल्लं. सगळ्या टीमला हेच लागू होतं, आणि माझ्या मते भाकिताची खरी मेहनत या वेळेच्या रकान्यातच, म्हणजे कोण किती खेळेल यातच आहे.

एका टीमला सीझनभरात प्लेटवर सुमारे ६,१०० खेपा मिळतात. बॅटिंग ऑर्डरमधला पहिला सगळे सामने खेळला तर ७५० च्या आसपास जातो. प्रत्येक पायरी खाली साधारण १८ खेपा कमी होतात, कारण सामना ऑर्डरच्या कोणत्याही ठिकाणी संपू शकतो आणि १६२ भागिले ९ म्हणजे १८. नवव्याला उरतात ६०० च्या थोड्या वर. आता स्प्रेडशीटमध्ये आडवे खेळाडू आणि उभ्या पोझिशन असा तक्ता करा. प्रत्येक पोझिशनची बेरीज ऑर्डरमधल्या तिच्या जागेनुसार ६०० ते ७५० आली पाहिजे. शॉर्टस्टॉपला ६०० दिल्या तर उरलेल्या ७०-८० कोणाच्या नावावर, ते लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या बहुतेक वेळा बऱ्याच खालच्या दर्जाच्या माणसाच्या असतात. कॅचरला तर ४५० च्या वर देताना दहा वेळा विचार करावा. गुडघ्यांवर बसून रोज खेळणं कोणालाच जमत नाही, म्हणून दुसरा कॅचर हा टीमचा खरोखरचा भाग असतो.

इथे हमखास होणारी चूक अशी: सगळीकडे खेळणारा एक राखीव माणूस सेकंड बेसला २००, थर्ड बेसला २००, लेफ्ट फील्डला २०० असा लिहिला जातो. पोझिशनच्या बेरजा जुळतात, पण माणसाच्या ओळीची बेरीज कोणी पाहत नाही. तिथे ६०० झालेले असतात आणि आपण एका बदली खेळाडूला नकळत नियमित करून टाकलेलं असतं. दोन्ही दिशांनी बेरीज लावलीच पाहिजे.

पिचरांत हे आणखी महागात पडतं. टीमला वर्षाला साधारण १,४४० इनिंग टाकाव्या लागतात. त्यातल्या स्टार्टरांच्या (सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या) सुमारे ८५०, बाकी बुलपेनच्या (त्यांच्यानंतर येणाऱ्या पिचरांच्या). कागदावर पाच स्टार्टर, प्रत्येकाचे ३२ सामने, झाले १६०, असं मांडून लोक मोकळे होतात. पाचही जण वर्षभर उभे राहिलेत असं फार क्वचित होतं. वास्तवाला धरून मांडायचं तर १५०, १४०, १२०, ११० आणि ९० इनिंग द्या. बेरीज ६१०. उरल्या २४०. त्या सहाव्यापासून दहाव्यापर्यंतच्या स्टार्टरांच्या. हे लोक पहिल्या पाचांपेक्षा नऊ इनिंगमागे १.२ रन जास्त देतात असं धरलं, तर २४० भागिले ९, गुणिले १.२, म्हणजे ३२ रन. तीन विजय गेले, आणि नाव मात्र कोणाचंच नाही. म्हणून दोन टीमचे पहिले पाच सारखे असले तर सहावा, सातवा आणि आठवा कोण हे आधी पाहावं.

टेक्सास रेंजर्सनी २०२३ च्या सीझनसाठी जेकब डीग्रॉम या स्टार्टरला आणलं. तो ६ सामन्यांत ३० इनिंग टाकून कोपराच्या ऑपरेशनला गेला. तरीही टीमने ९० जिंकले आणि वर्ल्ड सिरीज नेली. त्याच्या खात्यात १८० इनिंग मांडणाऱ्याने ते ९० वेगळ्याच कारणांनी मिळतील असं धरलं असणार. टॉमी जॉन ऑपरेशननंतर, म्हणजे कोपराच्या याच ऑपरेशननंतर, पिचर परतायला १२ ते १८ महिने लागतात, तेव्हा ऑपरेशनची तारीख पाहून महिने मोजा आणि ‘ऑल स्टार ब्रेकनंतर (सीझनच्या मधल्या सुट्टीनंतर) येईल’ अशी बातमी आली तरी ५०-६० इनिंगच्या वर देऊ नका. दुसऱ्या टोकाला बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी. २०२४ मध्ये तो ५४ होम रन आणि ५९ स्टील्स (चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस गाठणं) करून गेला, पण मागच्या सप्टेंबरच्या ऑपरेशनमुळे एकही इनिंग टाकली नाही. अशा खेळाडूच्या दोन स्वतंत्र ओळी हव्यात, नाहीतर एका ओळीतला शून्य दुसरीत सांडतो.

बुलपेनबद्दल उलट सांगावं लागेल: तिथे लोक नको तितका जीव टाकतात. क्लोझर, म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर, वर्षाला ६०-६५ इनिंग टाकतो. सरासरीपेक्षा नऊ इनिंगमागे पूर्ण एक रन कमी दिला तरी ते सातच रन. त्याच्या इनिंग अटीतटीच्या असतात म्हणून वजन वाढवा, पण गोष्ट विजयभराच्या आसपासच राहते. २६ जणांच्या रोस्टरमध्ये (टीमच्या यादीत) पिचर जास्तीत जास्त १३, त्यामुळे टीम मायनर लीगमधून माणसं सतत वर-खाली करतात. बुलपेनमध्ये निदान दहा नावं लिहा आणि शेवटच्या तिघांना सामान्यच माना.

पिचिंग आणि फील्डिंगची सांगड घालताना एक गोष्ट दोनदा मोजली जाते. पिचरचा ईआरए (त्याने नऊ इनिंगमागे दिलेले रन) घेतला तर त्यात मागच्या फील्डरांची मदत आधीच आलेली असते, त्यावर फील्डिंगचे रन वेगळे जोडायचे नाहीत. फिप घेतला, म्हणजे फक्त होम रन, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट, तर मात्र जोडायचे. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण खेळाडूंची अदलाबदल झाली की फील्डरांचा हिशेब नव्या टीमला सरळ लावता येतो.

मैदानाचा आकडा लावतानाही असाच घोळ होतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड जवळपास एक मैल उंचीवर आहे, तिथे चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. पण टीम ८१ च सामने घरी खेळते. छापलेले पार्क फॅक्टर (मैदान रन किती वाढवतं किंवा घटवतं ते सांगणारे आकडे) बऱ्याचदा आधीच अर्धे केलेले असतात, ते पुन्हा अर्धे केले की कोलोरॅडोचे बॅटर फुकट चांगले दिसू लागतात. आकडा कसा काढलाय ते आधी वाचा. आणि तो निदान तीन वर्षांचा असावा. २०२५ मध्ये ॲथलेटिक्स सॅक्रामेंटोच्या मायनर लीग मैदानावर गेले आणि हरिकेनने छप्पर उडवल्यामुळे टॅम्पा बे रेज स्टाइनब्रेनर फील्डवर खेळले. अशा ठिकाणी तीन वर्षांचा मेजर लीग आकडाच नसतो. तिथे सरासरीच्या जवळ राहून थोडाच बदल करावा.

लीगची एकूण रनसंख्याही हलते. प्रति टीम प्रति सामना २०२२ मध्ये ४.२८, २०२३ मध्ये ४.६२, २०२४ मध्ये ४.३९. पिच क्लॉक (चेंडू टाकायची वेळमर्यादा), मोठे बेस आणि शिफ्टवरची (फील्डर एका बाजूला गोळा करण्यावरची) बंदी २०२३ मध्ये एकदम आली, त्या वर्षी स्टील्स २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येते, टीमला सुरुवातीला दोन चॅलेंज. त्यामुळे चेंडू ‘सजवून’, म्हणजे तो चांगला पडला असं अंपायरला भासेल अशा तऱ्हेने पकडून, स्ट्राइक मिळवणाऱ्या कॅचरांचे त्या कसबाचे रन मी थोडे कापेन, पण शून्य करणार नाही, कारण बहुतेक चेंडूंवर अजूनही अंपायरचाच शब्द चालतो.

तीसही टीम भरून झाल्या की सगळ्यांचे विजय जोडा. उत्तर २,४३० यायलाच हवं, कारण प्रत्येक सामना कोणीतरी एकच जिंकतो. पहिल्या खेपेला ते जवळजवळ कधीच येत नाही, जास्तच येतं. समजा २,४७१ आलं. एक्केचाळीस विजय हवेतले. प्रत्येक टीममधून १.४ वजा करून भागतं, पण त्याआधी वेळेचा रकाना पुन्हा पाहावा. ही सूज तिथूनच येते, आणि ज्या टीममध्ये ताऱ्यांना सगळ्यात उदारपणे खेपा वाटल्या असतील तिथे ती जास्त असते.

आता वेळापत्रक. २०२३ च्या आधी आपल्याच डिव्हिजनमध्ये (पाच टीमच्या गटात) ७६ सामने असत, आता ५२. चारही शेजारी सरासरी ०.५३० चे असतील तर पूर्वी सव्वादोन विजयांचा फटका बसे, आता दीड विजयाचा. कच्च्या डिव्हिजनमध्ये आरामात ९० जिंकण्याचे दिवस थोडे सरले. प्रत्येक सामन्याची शक्यता काढायला जेम्सचंच लॉग फाइव्ह वापरा: पहिल्या टीमचा विजयाचा दर वजा दोन्ही दरांचा गुणाकार, भागिले दोन्ही दरांची बेरीज वजा त्याच गुणाकाराची दुप्पट. ०.५५० ची टीम ०.४५० शी खेळली तर ०.५९९. घरच्या टीमला वर साडेतीन टक्के द्या. मग अख्खा सीझन दहा हजार वेळा खेळवा.

इथे एक पायरी वगळली की सगळ्या शक्यता फुगतात. टीमची खरी ताकद आपल्याला माहीत नसते, आपण ती अंदाजाने धरलेली असते. म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला टीमची ताकद पाच-सहा विजयांच्या प्रमाण विचलनाने हलवायची आणि मग सामने खेळवायचे. नुसत्या नाणेफेकीच्या नशिबाचं विचलन १६२ सामन्यांत ६.४ विजय भरतं. त्यात सहाची अनिश्चितता मिसळली की जवळपास ९. म्हणजे ८७ विजयांच्या टीमबद्दल प्रामाणिकपणे इतकंच म्हणता येतं: तीनपैकी दोन वेळा ती ७८ ते ९६ मध्ये असेल. हे ऐकून हिरमुसणारे ‘८७’ मधल्या सातावर वाद घालतात.

टायब्रेकही कोडमध्ये नीट घाला. २०२२ पासून बरोबरी सोडवायला १६३ वा सामना नाही, आधी आपसातल्या सामन्यांचा निकाल पाहतात. २०२५ मध्ये टोरोंटो आणि न्यूयॉर्क यांकीज दोघेही ९४ वर थांबले आणि आपसातल्या ८-५ मुळे डिव्हिजन टोरोंटोची झाली. त्याच वर्षी सिनसिनाटी आणि मेट्स ८३ वर होते. आत सिनसिनाटी गेलं, मेट्स बाहेर.

प्लेऑफचं गणित छोटं आहे पण डोळे उघडतं. एखादी टीम प्रत्येक सामना ५५ टक्के शक्यतेने जिंकते असं धरा, म्हणजे चांगल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे ती चांगलीच झाली. तीन सामन्यांची मालिका ती ५७ टक्के वेळा जिंकेल, पाचची ५९, सातची ६१. अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधल्या प्रत्येकी पहिल्या दोन डिव्हिजन विजेत्यांना पहिली फेरी माफ असते, त्यांची किताबाची शक्यता ०.५९ × ०.६१ × ०.६१, म्हणजे २२ टक्के. वाइल्ड कार्डमधून, म्हणजे डिव्हिजन न जिंकता आणि पहिली फेरी खेळून आली तर तीच टीम साडेबारा टक्क्यांवर येते. कोणाच्या भाकितात एका टीमला मार्चमध्येच किताबाचे ४० टक्के दिसले तर त्याने ताकद हलवण्याची पायरी गाळली का, ते तपासा.

मार्चमधले फ्लोरिडा आणि ॲरिझोनातले सराव सामने आकड्यांसाठी पाहू नयेत. समोरचा पिचर नव्या प्रकारचा चेंडू घोटवतोय की मायनर लीगचा पोरगा आहे ते सरासरीत दिसत नाही, आणि ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत सगळ्यांचेच चेंडू उडतात. दोनच गोष्टी टिपाव्यात. एक, स्टार्टरच्या फास्टबॉलचा वेग मागच्या वर्षीपेक्षा ताशी दीड-दोन मैलांनी कमी असेल आणि एप्रिलच्या तोंडावरही भरून येत नसेल, तर त्याच्या इनिंग कापाव्यात. दर नंतर पाहू. दोन, पहिल्या दिवशीची दुखापतींची यादी: बॅटर दहा दिवसांच्या यादीत गेलाय की पिचर साठ दिवसांच्या, ते पाहून रकाना बदलायचा.

पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री फाइल जशीच्या तशी जतन करून ठेवावी, विजयांचा आकडाच नाही तर खेपांचे आणि इनिंगचे रकानेही. ऑक्टोबरमध्ये सरासरी चूक काढताना लक्षात असू द्या की खरी ताकद देवाने कानात सांगितली असती तरी ती टीममागे पाच विजयांच्या खाली गेली नसती. मग प्रत्येक टीमचा हिशेब दुसऱ्यांदा करा: माझेच दर ठेवून, प्रत्यक्षात मिळालेल्या खेपा आणि इनिंग घालून. जी चूक यात नाहीशी होते ती वेळेची, जी उरते ती दराची आणि नशिबाची.